पेपर सुटेपर्यंत

उषाबाईला मी तोंडावर सांगितल्तं, "तुमची सून मी घेऊन जाते आन् मीच आणून सोडते. हैदराबाद बघू, चारमिनार बघू, दोन दिवसांत घरी." त्यातलं घेऊन जाते तेवढं खरं होतं. बाकीची थाप होती. शीतलची परीक्षा होती.

आम्ही तिघी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला. मी सत्यशीला, वयानं मोठी, म्हणून दोघी मला ताई म्हणतात आन् माझ्या शिव्या खातात. दुसरी भावना. तोंड दिवसभर चालू आन् काळीज उंदराचं. तिसरी शीतल. शीतल बी.ए. झालेली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही भाकरी खात गप्पा हाणायचो, ही पोत्यांच्या थप्पीमागं पुस्तक घेऊन बसायची. मागच्या साली सरकारी भरतीच्या परीक्षेत थोडक्यात राह्यली, तर सासू म्हणली, झाले तेवढे लाड बस झाले. परत परीक्षेचं नाव काढलं तर कंपनी बी बंद, बस घरी. नवरा राधेश्याम तसा गरीब माणूस, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत न्हाई. आन् वयाची अट अशी, की हा तिचा शेवटचा चान्स. ह्यानंतर सासू काय आन् सरकार काय, कोणीच बसू देणार नव्हतं. तिनं चोरून फॉर्म भरला. सेंटर आलं हैदराबाद.

मंग मी म्हणलं, चला, हैदराबाद बघायला जाऊ. मी विधवा बाई, कामाशी काम ठेवणारी. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत माझ्या नावाला कोणी बोट लावून दाखवावं. त्या नावावरच उषाबाईनं सून सोडली. एकच अट घातली. "चारमिनारपाशी गेल्यावर व्हिडिओ कॉल लावा गं. मला बी बघायचाय."

आमचा हिशोब बराबर होता. पेपर दुपारी. सकाळी काचीगुड्याला उतरायचं, तिघींनी चारमिनारला जायचं, शीतलचं तोंड सासूला दाखवायचं, मंग परीक्षेला पळायचं. रात्री भावनाच्या मावशीकडं मुक्काम, दुसऱ्या दिवशी खरंखुरं हैदराबाद. पण गाडी कुठं कुठं थांबत गेली कोणास ठाऊक. काचीगुड्याला उतरलो तवा ऊन डोक्यावर आलं होतं आन् शीतलच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चारमिनार राहू द्या ताई," ती म्हणली. "गेट बंद झालं तर मी काय करू?"

"आन् तुझ्या सासूला काय दाखवू? माझं कपाळ?"

रिक्षावाला म्हातारा होता. सेंटरचा पत्ता ऐकून त्यानं मान हलवली. "भोत दूर है अम्मा. शहर के बाहर." मी म्हणलं, "दूर है तो जल्दी चलाव ना बाबा, बातां नक्को करो." तो हसला. बोली आमच्यासारखीच, म्हणून मला जरा धीर आला. शीतल मात्र सगळ्या रस्त्यानं ओठ हलवत राह्यली, काहीतरी पाठ म्हणत. मधेच उषाबाईचा फोन आला. "पोचल्या का गं?" शीतल म्हणली, "हो आत्याबाई, आता चारमिनारलाच चाललो." फोन ठेवला आन् परत ओठ हलवायला लागली.

सेंटर म्हणजे गावाबाहेरचं एक मोठं कॉलेज. गेटवर पोरापोरींची रांग. एक सिक्युरिटीवाली बाई हातात ते मशीन घेऊन एकेकीला तपासून आत सोडत होती. धातूचं काही न्यायचं न्हाई, मशीन वाजलं की बाजूला. शीतलनं फोन भावनाकडं दिला. कानातलं काढलं, जोडवी काढली. मंग तिचा हात गळ्याशी गेला आन् तिथंच थांबला.

"ताई, हे न्हाई काढणार मी."

"काढ गं, येडी झाली का? गेट लागल."

"आज ह्यांची दिवसपाळी आहे."

राधेश्याम एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधे भट्टीवर असतो. लाल तापलेलं लोखंड रोलरमधून सळई होऊन पळत येतं, आन् माणसं चिमटा घेऊन त्याच्या बाजूला उभी असतात. एखादी सळई सुटली की ती माणूस बघत न्हाई. जालन्यात हे कोणाला सांगावं लागत न्हाई. तसल्या माणसाच्या बायकोला भर दुपारी म्हणायचं, मंगळसूत्र काढ.

मागचे लोक पुढं सरकून राह्यले होते. मी तिला रांगेतून बाजूला ओढलं. जे मी कोणापाशी बोलले न्हाई, ते त्या गेटवर बोलले.

"शीतल, इकडं बघ. माझ्या अप्पारावला सळई लागली तवा माझ्या गळ्यात माझी पोत होती. शाबूत होती. सकाळी न्हाऊन, नीट घालून, त्याच्यासाठी भाकरी करून राह्यले होते मी. काय केलं त्या पोतीनं? काही केलं न्हाई. वाचवणारं असतं, तर त्याला वाचवलं असतं."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळे भरून आले तिचे, पण हात हलला. हूक काढला.

"पिशवीत न्हाई ठेवायचं," ती म्हणली. "खाली बी न्हाई ठेवायचं. कोणाच्या तरी गळ्यात राहू द्या."

आम्ही दोघींनी भावनाकडं बघितलं. भावना दोन पावलं मागं. "माझ्या? एका गळ्यात दोन नवऱ्यांचं? न्हाई बाई! माझ्या ह्यांना काही झालं म्हणजे? बिलकुल न्हाई!"

राह्यला माझा गळा. तिघींना कळलं. माझं मंगळसूत्र उतरून वर्षं झाली. बांगड्या फोडायला आलेल्या बायांना मी दारातून हाकललं होतं, माझ्या हातानं काढून डब्यात ठेवल्या होत्या. आमच्यात हे शुभ-अशुभ मानत न्हाईत. मी बी मानत न्हाई. पण दुसऱ्याच्या हळदीला मला कोणी पुढं बोलावत न्हाई, आन् मी बी आपण होऊन मागं थांबते. न मानणारी बाई मागं का थांबते, हे मला कोणी विचारू नये.

"जल्दी करो अम्मा, टाइम होरा!" सिक्युरिटीवाली ओरडली.

शीतल माझ्यामागं गेली आन् तिनं ते माझ्या गळ्यात घातलं. जुन्या घडणीच्या वाट्या होत्या, मधे एक पोवळं. उषाबाईच्या सासूचं उषाबाईकडं आलेलं, उषाबाईनं सुनेला घातलेलं. वाट्या छातीला टेकल्या आन् मी पदर वर ओढला.

"ताई, पेपर सुटेपर्यंत काढायचं न्हाई. शब्द द्या."

"दिला. पळ आता!"

ती आत गेली आन् तिच्यामागं गेट लागलं.

भावनाचं म्हणणं, इथंच झाडाखाली बसू. मी म्हणलं, आन् सासूचा फोन आल्यावर काय झाड दाखवती का? आत्ता चारमिनारला गेलो तर सांगता येईल, शीतल वर चढलीय, रांग मोठी आहे, फोन आमच्यापाशी देऊन गेली. तिची परीक्षा आत, आपली बाहेर. चल.

तर असं आमचं हैदराबाद बघणं सुरू झालं. चारमिनार फोटोत दिसतो त्याच्यापेक्षा दांडगा आहे, मान मोडती बघताना. खाली माणसांचा दरिया. मोतीवाले, अत्तरवाले, गाड्यांचे हॉर्न, कुठं चहा उकळतोय, कुठं बुरख्यातल्या पोरी आईस्क्रीम खात फोटो काढून राह्यल्यात. दुसरा कोणता दिवस असता तर मी एकेक दुकान उपसलं असतं. पण माझे डोळे चारमिनारवर आन् जीव भावनाच्या हातातल्या फोनवर. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता मी, उकाड्यात घामानं भिजले तरी सोडला न्हाई.

बांगड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानदारानं हाक मारली. "आव भाभी, हाथ खाली कैकू रखे? सुहागन है आप."

मी मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. मलाच म्हणून राह्यला होता. पदर सरकला होता आन् वाट्या दिसून राह्यल्या होत्या. जालन्यात मला सगळे मावशी म्हणतात, ऑफिसातला शिपाई बी मावशी म्हणतो. इथं कोणाला काय माहिती? त्यानं लाखेच्या हिरव्या बांगड्या पुढं केल्या, पाठीमागं आरसा होता. आरशात मी मला दिसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. लई बरं वाटलं. अप्पाराव असता तर आत्ता दाढी खाजवत म्हणला असता, घेऊन टाक की. मी हात पुढं केला न्हाई, पण तिथून हलले बी न्हाई.

तेवढ्यात फोन वाजला.

"सासू!" भावना किंचाळली. "व्हिडिओ आहे ताई! कट करू का? कट करते!" आन् त्या घाबरट बोटांनी तिनं लाल सोडून हिरवं दाबलं.

"हॅलो! दिसून राह्यलं का गं?" उषाबाईचं निम्मं कपाळ आन् घरातला पंखा दिसला. मी पदर सावरला आन् भावनाला कोपर मारलं. तिनं फोन चारमिनारकडं फिरवला. "अगं बया," उषाबाई म्हणली, "लई उंच आहे की. अन् हे कबुतरं का काय? बरं, शीतल कुठंय?"

"वर गेली," मी म्हणलं. "रांगेनं सोडतात. फोन आमच्यापाशी दिला."

"एकटीच?"

"माझे गुडघे कुठं चढतात, अन् भावनाला चक्कर येती."

"हां, बरोबर आहे." तिला पटलं. माझ्या अंगातला घाम जरा थंड झाला. आता ठेवा म्हणावं, तर बाई म्हणली, "तुझं तोंड दाव की सत्यशीला. काय काय घेतलं?"

भावनानं फोन माझ्याकडं फिरवला. तिला काय अक्कल आहे? मी पदराला हात लावेपर्यंत उशीर झाला. उषाबाईचं तोंड हसरं होतं, ते तसंच राह्यलं आन् डोळे बदलले. आपल्या गळ्यात वागवलेलं पोवळं बाईला कुठून बी ओळखू येतं.

"ते काय आहे तुझ्या गळ्यात?"

माझ्या डोक्यात सगळं एकदम पळालं. तुटलं म्हणावं? मंगळसूत्र तुटलं म्हणलं तर उषाबाई आत्ताच्या आत्ता शीतलला खाली बोलावील. चोराच्या भीतीनं काढलं म्हणावं? तर भावनाच्या पर्समधे का न्हाई ठेवलं, तुझ्या गळ्यात कशाला? कुठूनही गेलं तरी शेवटी शीतल कुठंय हेच येतं. एकाच गोष्टीनं उषाबाई शीतलला विसरणार होती. माझ्यावर भडकली तर.

"मीच मागितलं," मी म्हणलं. "फोटोपुरतं. हौस आली."

"काय आली?"

"हौस आली. इथं मला कोण वळखतं? शीतल नको म्हणत होती, मीच हट्टानं घेतलं."

मंग उषाबाई सुटली. "लाज वाटत न्हाई का तुला? नवरा खाऊन बसलीस आन् माझ्या लेकाच्या नावाचं गळ्यात घालून मिरवतीस? माझं लेकरू भट्टीवर उभं आहे गं! म्हणून घेऊन गेलीस का माझ्या सुनेला? येच तू जालन्याला. सगळ्या गल्लीला सांगते, कशी बाई आहेस ते." आन् फोन बंद झाला.

दुकानदार खाली बघून बांगड्या लावत बसला. आमची भाषा त्याला कळली असंल नसंल, आवाज कळला.

"काढा ते ताई," भावना रडायला लागली. "आत्ता काढा. तुमचं नाव गेलं बघा."

"गेलं तर गेलं. तिचा पेपर चालू आहे."

"मंग काढून तर ठेवा!"

"सुटेपर्यंत काढायचं न्हाई म्हणून शब्द दिलाय. चल, रिक्षा बघ."

परत जाताना फोन वाजतच राह्यला. उषाबाई, परत उषाबाई. आम्ही उचलला न्हाई. भावनानं तो पर्समधे कोंबला तरी मांडीवर घर्र घर्र करत होता. मी बाहेर बघत बसले. नाव गेल्याचं वाईट वाटत होतं, का न्हाई वाटणार? जन्मभर मान खाली घालून कमावलेलं एकच तर होतं. पण खरी भीती निराळीच होती. गेटवर मी मोठ्या तोंडानं बोलले होते, पोत कोणाला वाचवत न्हाई. आन् आता मीच ती मुठीत धरून मनात म्हणून राह्यले होते, राधेश्याम, नीट उभा राह्य बाबा. आजच्या दिवस नीट उभा राह्य. आज त्याला खरचटलं असतं तरी ते माझ्या गळ्यावर आलं असतं, आन् मी माझ्याच पुढं काय तोंड दाखवलं असतं?

गेट उघडलं. पोरं बाहेर पडली. शीतल शोधत आली आन् लांबूनच तिचं तोंड बघून कळलं, पेपर चांगला गेला. मागच्या साली रडत आल्ती. आज पळत आली, माझा हात धरला आन् पहिलं विचारलं, "ह्यांचा फोन आल्ता का?"

"न्हाई."

"कोणाचाच?"

भावना काही बोलणार, मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तोंड मिटलं. शीतलनं फोन ओढून घेतला, उषाबाईचे सगळे मिस कॉल बघितले आन् पांढरी पडली. सासू इतक्यांदा कशाला फोन करती? तिच्या डोक्यात एकच आलं. मला कळून राह्यलं होतं, पण खरं सांगितलं असतं तर तिनं तिथंच सासूला फोन लावून सगळं ओकलं असतं. तिनं राधेश्यामला लावला. रिंग गेली, गेली, बंद पडली. परत लावला. परत तेच.

"पाळी सुटली असंल की आता," ती म्हणली. "उचलत का न्हाईत? ताई, का उचलत न्हाईत?"

आम्ही तिघी तिथं फुटपाथावर उभ्या. मी देवाला मानत न्हाई, म्हणून कोणाला हाक मारावी तेच कळंना. आन् फोन वाजला.

भट्टीवरच्या माणसांना हळू बोलता येत न्हाई, मशीनच्या आवाजात ओरडायची सवय. स्पीकर न लावता आम्हाला सगळं ऐकू आलं. "काय लावलंय तुम्ही तिथं?" राधेश्याम गरजला. "माय रडून रडून बेजार झाली इथं!"

"तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

शीतल रस्त्यावरच बसली. तो ओरडून राह्यला होता आन् ही हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आन् हसत होती. "ओरडा," म्हणली, "ओरडा तुम्ही."

"हसती काय? त्या सत्यशीलाबाईनं तुझं मंगळसूत्र हौसेनं मागून घातलं म्हणं! तिनं स्वतः सांगितलं मायला. सगळ्या गल्लीत झालं. माय म्हणती, ते आता गळ्यात घालायचं न्हाई, सोनाराला देऊन टाकायचं. आन् त्या बाईसंगं कंपनीत बी बोलायचं न्हाई."

शीतलचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं. माझ्या गळ्याकडं बघितलं. मी डोळ्यानं म्हणलं, गप. मान हलवली, दंडाला चिमटा काढला. निकाल लागेपर्यंत झाकून राह्यलं असतं. गल्ली चार महिने बोलली असती मला, मंग दमली असती. तिच्या हातात नोकरीची ऑर्डर आली असती, मंग सासू काय करणार होती?

शीतल उठून उभी राह्यली. "त्यांनी मागितलं न्हाई," ती म्हणली. "मी घातलं त्यांच्या गळ्यात. माझ्या हातानं घातलं. मी चारमिनारवर नव्हतेच. मी परीक्षेला बसल्ते. आत काही नेऊ देत न्हाईत म्हणून त्यांच्या गळ्यात ठेवलं, आन् माझी परीक्षा मोडू नये म्हणून त्या तुमच्या आईच्या शिव्या खाऊन आल्या."

मंग तो हळू बोलला. पहिल्यांदा ऐकलं मी त्याला हळू बोलताना. "मंग मायला काय सांगू मी?"

"जे ऐकलं ते सांगा." तिनं फोन ठेवला.

मी फाडफाड बोलले तिला. "डोकं आहे का खोकं? दोन-चार महिने कळ काढता येत नव्हती? आता घरी बसवतील तुला. कंपनी बी गेली, निकालाचं बी खरं न्हाई. मी माझं नाव कशापायी घालवलं मंग?"

"तेच म्हणते मी," शीतल म्हणली. "तुम्ही का घालवायचं?"

अप्पाराव गेल्यापासून माझ्या बाजूनं कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आन् हिनं सगळं लावून टाकलं. मला रडू आलं, ते बी ह्या दोघींच्या पुढं, ह्याचा राग आला. मी घाईघाईनं ते गळ्यातून काढलं आन् तिच्यापुढं धरलं. "घे तुझं. संपला पेपर."

तिनं हात पुढं केला न्हाई. पाठ फिरवली, वेणी उचलून धरली. "घाला," म्हणली.

"येडी हायेस का? भावना, इकडं ये, घाल हिला."

भावना आली बी पुढं. शीतल म्हणली, "न्हाई. ताई घालतील."

सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र बांधायला विधवेचा हात. आमच्या जालन्यात हे कोणी बघितलं न्हाई अजून. हूक बारका, डोळ्यांत पाणी, काही दिसंना. तेवढ्यात तिच्या हातातला फोन परत वाजला. भावनानं वाकून बघितलं. "सासू आहे. राधेश्यामनं सांगितलं वाटतं."

"वाजू द्या," शीतल म्हणली, मान तशीच खाली. "आधी हे लागू द्या."

दोनदा सुटला, तिसऱ्यांदा हूक बसला. मंग तिनं वेणी सोडली, पदर नीट केला आन् फोन कानाला लावला.

"हां आत्याबाई," ती म्हणली, "बोला."